अनलिमिटेड डेटा की ठरावीक जीबीचा प्लॅन? हिशेब नेमका कसा मांडायचा?

मोजूनमापून

एकाच कंपनीचे तीन मासिक प्लॅन समोर आहेत. चलनाचा घोळ नको म्हणून किमती गुणोत्तरात देतो, सगळ्यात छोट्या प्लॅनला १०० धरून.

क: १० जीबी, किंमत १००
ख: २० जीबी, किंमत १५०
ग: 'अनलिमिटेड', किंमत २५०. तळटीप: ३० जीबीनंतर स्पीड १२८ केबीपीएस, हॉटस्पॉट फक्त ५ जीबीपर्यंत.

क आणि ख मध्ये मर्यादा ओलांडली की दर जीबीला किंवा त्याच्या भागाला २० जादा. गेल्या सहा महिन्यांचा वापर १४, १५, १३, १९, २२, १५ जीबी.

प्रश्न असे: सरासरी (१६.३ जीबी) काढून प्लॅन निवडला तर चालेल का? १२८ केबीपीएसवर प्रत्यक्षात काय चालतं? प्लॅन ग च्या अटींत 'गर्दीच्या वेळी स्पीड कमी होऊ शकतो' अशी आणखी एक ओळ आहे, ती याच तळटीपेबद्दल आहे की वेगळी? आणि फोनमधला आकडा बिलाशी जुळत नाही, त्याचं काय करायचं?

हिशेबनीस

सरासरीवर जाऊ नका. बिल दर महिन्याचं वेगळं येतं आणि जादा आकार फक्त वरच्या बाजूला लागतो. कमी वापराच्या महिन्यात वाचलेले जीबी परत मिळत नाहीत (शिल्लक पुढे ढकलणारा प्लॅन असेल तर गोष्ट वेगळी). म्हणून प्रत्येक महिना स्वतंत्र मांडायचा आणि मग बेरीज करायची.

तुमच्या आकड्यांवर सहा महिन्यांचा खर्च:

प्लॅन क: ६०० + जादा ३८ जीबीचे ७६० = १३६०
प्लॅन ख: ९०० + जादा २ जीबीचे ४० = ९४०
प्लॅन ग: १५००

आता सरासरी तीच ठेवून महिने बदलून बघा: ८, ८, ८, ८, ३३, ३३. बेरीज ९८च. पण प्लॅन ख चा खर्च ९४० वरून १४२० वर जातो आणि ग शी जवळजवळ बरोबरी होते. सरासरीला यातलं काहीच दिसत नाही.

दुसरं म्हणजे 'किंवा त्याच्या भागाला' हे शब्द नीट वाचा. क आणि ख मधला फरक ५० चा, जादा जीबी २० ला, म्हणजे कागदावर १२.५ जीबीला दोन्ही सारखे. पण १२ जीबीच्या वर थोडासा जरी वापर गेला तरी तिसरा पूर्ण जीबी आकारला जातो आणि क चं बिल १६० होतं. म्हणजे खरी सीमा १२ जीबी. तुमचा एकही महिना १२ च्या खाली नाही, तेव्हा क बाद.

तोच हिशेब ख आणि ग मध्ये. फरक १०० चा, म्हणजे पाच जादा जीबी. २५ जीबीपर्यंत ख स्वस्त किंवा बरोबरीत, त्यानंतर ग स्वस्त. आणि ग चा स्पीड ३० ला पडतो! म्हणजे कमी पैशात पूर्ण स्पीड मिळण्याचा पट्टा फक्त २५ ते ३० जीबी. ३० ला ख चं बिल ३५० होतं, म्हणजे पूर्ण स्पीडवर ग मुळे एका महिन्यात जास्तीत जास्त १०० वाचतात. त्यापुढे बिल वाढत नाही, पण जे मिळतं त्याला इंटरनेट म्हणायचं की नाही हे पुढचे प्रतिसाद सांगतील.

थोडक्यात तिन्ही प्लॅन पायऱ्यांचेच आहेत. क आणि ख मध्ये पायरी ओलांडली की बिल चढतं, ग मध्ये स्पीड पडतो. 'अनलिमिटेड' शब्द बाजूला ठेवून ३० जीबीचा प्लॅन म्हणून त्याची तुलना करा.

थ्रूपुट

१२८ केबीपीएसचं गणित. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किलोबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागलं की सेकंदाला १६ केबी (किलोबाइट). तासाला साधारण ५७ एमबी, चोवीस तास अखंड चालवलं तर १.३८ जीबी. जाहिरातीतला 'अनलिमिटेड' तो हा.

मजकुराचे मेसेज, ओटीपी, साधा ईमेल चालतो. २ एमबीचं वेबपान उघडायला १२५ सेकंद, तेही दुसरं काहीच चालू नसेल तर. ३ एमबीचा एक फोटो पाठवायला तीन मिनिटांहून जास्त. १०० एमबीचा ॲप अपडेट पावणेदोन तास. इंटरनेटवरचा व्हॉइस कॉल जेमतेम बसतो, कारण आवाजाला हेडर (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता) धरून ४० ते ६० केबीपीएस पुरतात. व्हिडिओ कॉल विसरा.

प्रत्यक्षात याहूनही वाईट होतं. बऱ्याच ॲपमध्ये ठरावीक सेकंदांत उत्तर आलं नाही की विनंती तोडून पुन्हा पहिल्यापासून करतात. अर्धवट उतरलेला डेटा वाया जातो आणि पाइप त्यातच अडकून राहतो. त्यात फोटो बॅकअप मागे चालू असेल तर सगळे १२८ तोच खातो आणि साधा मेसेजही 'पाठवत आहे' वर अडकतो. म्हणून स्पीड पडायच्या आधीच डेटा सेव्हर चालू करा, बॅकअप आणि ॲप अपडेट फक्त वायफायवर ठेवा, लागणारे नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

'गर्दीच्या वेळी' ही ओळ पूर्ण वेगळी आहे. ३० जीबीनंतरची मर्यादा तुमच्या सिमला लागते, टॉवर रिकामा असला तरी. गर्दीचा नियम टॉवरवर लागतो. २० मेगाहर्ट्झच्या ४जी वाहिनीची दोन अँटेनांवरची कागदोपत्री कमाल १५० एमबीपीएस (१ एमबीपीएस म्हणजे १००० केबीपीएस), पण कोणी जवळ, कोणी भिंतीआड, अशा मिश्र सिग्नलमध्ये त्या सेक्टरमधल्या (टॉवरच्या एका दिशेच्या भागातल्या) सगळ्यांना मिळून ३० ते ४० एमबीपीएस हाती लागतात. चाळीस जण एकदम व्हिडिओ बघत असतील तर माणशी एक एमबीपीएसच्या आत-बाहेर. कोणाला किती पाळी द्यायची हे टॉवरचा शेड्युलर ठरवतो आणि त्यात प्लॅननुसार अग्रक्रम लावता येतो. खालच्या अग्रक्रमाच्या सिमला उरलंसुरलं मिळतं. गर्दी ओसरली की स्पीड आपोआप परत येतो.

आपल्याला कोणता नियम लागला आहे हे ओळखायचं तर एकाच जागी रात्री नऊला आणि पहाटे स्पीड टेस्ट करा. दोन्ही वेळा १२८ च्या आसपास सपाट आकडा म्हणजे मर्यादा. पहाटे उत्तम आणि रात्री रडतंय म्हणजे गर्दी. टेस्ट छान येते पण व्हिडिओच धूसर दिसतो, तर बहुधा फक्त व्हिडिओला वेगळा लगाम आहे, तोही काही प्लॅनमध्ये असतो. एक सांगून ठेवतो, स्पीड टेस्ट फुकट नसते. १०० एमबीपीएसवर दहा सेकंदांची टेस्ट १२५ एमबी खाते, शिवाय अपलोडचे वेगळे.

बिनतारी

थ्रूपुट यांच्या प्रतिसादातूनच एक गोष्ट निघते, ती स्पष्ट म्हणायला हवी. टॉवरचा खर्च गर्दीच्या तासाला ठरतो. पहाटे तीनला उतरवलेला एक जीबी कंपनीला जवळजवळ काहीच पडत नाही, रात्री नऊचा एक जीबी महागात पडतो. महिन्याचा कोटा मात्र दोन्ही सारखेच मोजतो. त्यामुळे 'जास्त वापरणाऱ्याने जास्त भरावं, हेच न्याय्य' हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जास्त वापरणारा आणि गर्दी करणारा एकच असेल असं नाही.

सपाट दराचं दुखणं मात्र खरं आहे. अमेरिकेत फोन लाइनवरून इंटरनेट देणाऱ्या एओएलने डिसेंबर १९९६ मध्ये ताशी आकारणी सोडून महिन्याला १९.९५ डॉलरचा सपाट दर आणला. लोकांनी लाइन सोडणंच बंद केलं आणि डायल करणाऱ्याला एंगेज टोन ऐकू येऊ लागला. मोबाइलमध्ये उलटा प्रवास झाला. तिथल्याच एटी अँड टी या मोबाइल कंपनीने जून २०१० पासून नव्या ग्राहकांना अनलिमिटेड बंद करून २०० एमबी आणि २ जीबी अशा पायऱ्या आणल्या, जुन्यांचं अनलिमिटेड चालू ठेवलं आणि पुढे त्यातल्या जास्त वापरणाऱ्यांचा स्पीड कापायला सुरुवात केली. त्यावर २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) दावा लावला. आक्षेप स्पीड कापण्यापेक्षा 'अनलिमिटेड' म्हणून विकून ते नीट न सांगण्यावर होता. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आजच्या प्लॅनमध्ये ३० जीबीची तळटीप छापलेली दिसते, तिच्यामागे असे वाद आहेत.

मग लोक गरज नसताना अनलिमिटेड का घेतात? लाम्ब्रेख्ट आणि स्कीरा या संशोधकांनी २००६ च्या अभ्यासात इंटरनेट ग्राहकांच्या बाबतीत तीन कारणं नोंदवली: मोठ्या बिलाची भीती, टॅक्सीचा मीटर पडत असल्यासारखी वापरतानाची टोचणी, आणि स्वतःच्या वापराचा फुगवलेला अंदाज. यातलं दुसरं कारण मी मूर्खपणा मानत नाही. मीटर बघत बसायचं नाही यासाठी कोणी थोडे जास्त मोजत असेल तर तो सौदा आहे. मात्र ते किती जास्त, हे वरच्या हिशेबाने कळतं: सहा महिन्यांत ५६०.

मोजूनमापून

हिशेब समजला, ख वर येतोय. पण ख घेतला तर २० च्या आत राहायला फोनवर लक्ष ठेवावं लागणार, आणि फोनचा आकडा बिलापेक्षा कमी दिसतो. शिवाय हॉटस्पॉट वेगळा मोजतात तो कसा ओळखतात?

थ्रूपुट

आकडा न जुळण्याची कारणं बहुतेक वेळा हीच:

तारीख. फोन एक तारखेपासून मोजतो, बिल तुमच्या सायकलच्या (म्हणजे बिलाच्या महिन्याच्या) तारखेपासून. आधी हे जुळवा. आयफोनमध्ये तर 'करंट पिरिअड' आपोआप शून्यावर येतच नाही, सायकलच्या पहिल्या दिवशी हाताने रीसेट करावा लागतो.

जीबी म्हणजे किती. कोणी १००० च्या पटीत मोजतं, कोणी १०२४ च्या. जीबीच्या पातळीवर हा फरक ७ टक्क्यांच्या वर जातो. कंपनी १००० ची आणि फोन १०२४ चा असेल तर तुमचे २० जीबी फोनवर १८.६ लाच संपतात.

कंपनी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजते, आणि टॉवरकडे निघालेलं पण फोनपर्यंत नीट न पोचलेलं पॅकेटही (डेटाचा छोटा तुकडा) त्यात धरलं जाऊ शकतं. हा फरक लहान असतो.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, सिम, मग 'डेटा वॉर्निंग अँड लिमिट' (कंपनीगणिक नावं थोडी बदलतात). आधी सायकलची तारीख घाला, मग वॉर्निंग १५ ला, लिमिट १८ ला. लिमिटला फोन स्वतःच मोबाइल डेटा बंद करतो. कंपनीच्या '८० टक्के वापरलं' या मेसेजवर विसंबू नका. बिलिंग यंत्रणा कोटा तुकड्यातुकड्याने देते, आणि एक तुकडा वापरून झाल्याची नोंद परत येईपर्यंत मधला वापर तिला दिसत नाही. व्हिडिओ चालू असताना मेसेज येईस्तोवर मर्यादा ओलांडलेली असू शकते. परदेशी रोमिंगमध्ये तर नोंद दुसऱ्या कंपनीकडून येते, कधी काही दिवसांनी.

हॉटस्पॉटसाठी बरेच फोन डेटा वेगळ्या एपीएनवरून (कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जायचं दार) पाठवतात, तिथेच कळतं. नाहीतर टीटीएलवरून (पॅकेटवरचा आकडा, वाटेतल्या प्रत्येक यंत्रातून पुढे जाताना एकाने घटतो): फोनचं स्वतःचं पॅकेट ६४ ने निघतं, लॅपटॉपचं फोनमधून जाताना एकाने घटून ६३ किंवा १२७ होतं.

हिशेबनीस

२२ चा महिना खाली आणायचा तर आधी व्हिडिओकडे बघा. १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी. १०८०पी ला ५ एमबीपीएस धरले तर तासाला सव्वादोन जीबी, ४८०पी ला दीड एमबीपीएस धरले तर ६७५ एमबी. म्हणजे मोबाइल डेटावरचे दोन तास ४८०पी वर आणले की तीन जीबी वाचतात आणि २२ चे १९ होतात. 'ऑटो' वर ठेवू नका, चांगलं नेटवर्क मिळालं की ऑटो वरच्याच दर्जाकडे पळतो. आयफोन असेल तर 'वायफाय असिस्ट' बंद करा, वायफाय कमजोर झालं की तो गुपचूप मोबाइल डेटा घेतो.

मोजूनमापून

शेवटचं. एखाद्या महिन्यात २५ च्या वर जाणार हे आधीच दिसलं तर मध्येच ग वर उडी मारून पुढच्या महिन्यात परत येता येईल?

हिशेबनीस

ते बदल कधीपासून लागू करतात यावर आहे. तीन प्रकार असतात. सायकलच्या सुरुवातीपासून लागू असेल तर बिनधास्त करा, त्या महिन्याचे फक्त २५० पडतील. पुढच्या सायकलपासून असेल तर या महिन्यात उपयोग शून्य. फसवा प्रकार तिसरा, दिवसांच्या प्रमाणात. त्यात किंमत विभागतात तसा कोटाही विभागतात. तीस दिवसांच्या सायकलमध्ये पंधराव्या दिवसापर्यंत तुम्ही ख वर १७ जीबी वापरलेत आणि मग बदल केलात, तर ख चा अर्धा कोटा १० च धरला जातो आणि वरच्या ७ जीबीचे १४० लागतात. वर दोन्हींचं अर्धं अर्धं भाडं ७५ आणि १२५, एकूण ३४०. काहीच न करता महिनाभर ख वरच राहून एकूण २९ जीबी वापरले असते तर ३३० झाले असते. ग्राहक सेवेला 'प्लॅन कधी बदलेल' एवढंच विचारू नका, 'या सायकलमध्ये आधी झालेला वापर कोणत्या कोट्यात धरणार' हे विचारा आणि उत्तर चॅटवर लेखी घ्या. परत खाली येताना किमान मुदतीची अट आहे का, तेही त्याच चॅटमध्ये.