'डार्क'चा दुसरा सीझन संपला, आता शार्लोट कोणाची कोण?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर.)

बी-४०२: 'डार्क' या काळात मागे-पुढे जाण्याच्या जर्मन मालिकेचा दुसरा सीझन आत्ता संपला. शार्लोटची आई एलिझाबेथ?? अहो, ती तर तिची मुलगी! शेवट मागे घेऊन दोनदा पाहिला, तरी डोकं गरगरतंय.

ए-१०३: बरोबरच पाहिलंत. एलिझाबेथ ही शार्लोट आणि पीटरची धाकटी मुलगी. मोठी झाल्यावर ती नोआबरोबर संसार करते, त्यांना मुलगी होते ती शार्लोट. ते बाळ भूतकाळात नेलं जातं आणि घड्याळवाल्या टानहाउसकडे वाढतं. दोघी एकमेकींच्या आई आणि एकमेकींच्या लेकी.

सी-२०१: याची खूण पहिल्या सीझनमध्येच दिली आहे. नोआ छोट्या एलिझाबेथला खिशातलं घड्याळ देतो, त्यावर 'शार्लोटसाठी' असं जर्मनमध्ये कोरलेलं असतं. तेव्हा आपण 'तिच्या आईचं असेल' म्हणून सोडून देतो. अर्थ तोच असतो, फक्त दुसरी बाजू अजून दाखवलेली नसते.

सेक्रेटरी: विनंती. मेसेजच्या पहिल्या ओळीत फक्त सीझन आणि भाग लिहा, मग पाच-सहा ओळी मोकळ्या सोडून बाकीचं. नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचा मजकूर दिसतो. डी विंगमध्ये तिघं अजून पहिल्या सीझनला आहेत.

बी-४०२: सॉरी, चुकलंच. पण हे सगळं डोक्यात ठेवायचं कसं?

सी-२०१: डोक्यात नाही, कागदावर. कागद आडवा धरा. डावीकडे चार घराणी: कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमान. वर तीन रकाने: १९५३, १९८६, २०१९. पहिल्या सीझनला एवढं पुरतं. पेन्सिलच वापरा. माणसाचं नाव बदललं तरी रंग तोच ठेवायचा. लहान मिकेल आणि मोठेपणीचा मिखाएल एकाच रंगात आले की अर्धी गुंतागुंत सुटते.
लोक अडकतात ते दुसऱ्या सीझनला. तिथे सगळ्या काळांत एकेक वर्ष पुढे सरकलेलं असतं: १९५४, १९८७, २०२०. त्यात १९२१ आणि २०५३ वाढतात. जुन्याच रकान्यात लिहीत राहिलात तर कोण आधी गेलं आणि कोण नंतर, याचा पत्ता लागत नाही.

ए-१०३: आणि आवाज जर्मनच ठेवा, खाली सबटायटल. एलिझाबेथ खुणांनी बोलते, तेव्हा तसंही वाचावंच लागतं.

बी-१०४: ताई, नाती आपल्या भाषेत लिहिली तर जास्त अंगावर येतात. इंग्रजीत 'आंट' म्हटलं की मावशी, आत्या, काकू, मामी सगळं एकच. उलरिकचा धाकटा मुलगा मिकेल २०१९ मधून १९८६ मध्ये जाऊन अडकतो आणि मोठा होऊन, मिखाएल या नावाने, नायक योनासचा बाप होतो. म्हणजे मिकेलची बहीण मार्था योनासची सख्खी आत्या. भाऊ मॅग्नस काका, उलरिक आजोबा. आणि योनासची आई हाना ज्या उलरिकच्या मागे लागलेली असते, तो तिचा सासरा! पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात हे कळतं, आणि आधी पाहिलेला प्रत्येक प्रसंग वेगळा दिसायला लागतो.

सी-२०१: म्हणूनच मला ही कलाटणी प्रामाणिक वाटते. पहिल्याच भागात मिकेल जादूचा खेळ करतो. बाप विचारतो कसं केलंस, तर तो सांगतो की 'कसं' नाही, 'कधी' विचार. मिखाएलच्या पत्रावर ४ नोव्हेंबर, रात्री १०:१३ च्या आधी उघडू नये असं लिहिलेलं असतं, आणि मिकेल हरवतो तोही ४ नोव्हेंबरच्याच रात्री. सगळं समोर ठेवलेलं आहे.

डी-३०३: मला सगळ्यात जड गेला तो हेल्गे. म्हाताऱ्या हेल्गेच्या कानाजवळची खूण आपण किती आधीपासून बघतो. मग उलरिक १९५३ मध्ये जातो, पुढचं अरिष्ट टळावं म्हणून लहानग्या हेल्गेला दगडाने मारतो, आणि ती खूण त्यानेच केलेली निघते. मूल मरत नाहीच. उलटा उलरिक तिथेच कैद होतो.

ए-१०३: दुसऱ्या सीझनच्या सहाव्या भागातही तेच. योनास बापाची आत्महत्या थांबवायला जातो, आणि बापाच्या मनात तो विचारच नसतो. योनास सांगतो तेव्हा त्याला कळतं. मालिकेत ती तारीख २१ जून २०१९, आणि दुसरा सीझन नेटफ्लिक्सवर आला तोही त्याच दिवशी.

बी-४०२: पण काळाच्या उड्या ३३ वर्षांच्याच का?

ई-२०२: कारण पंचांगात आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दरवर्षी ११ दिवसांची तूट. ३३ वर्षांत ती जवळपास एका पूर्ण चांद्र वर्षाएवढी होते आणि चंद्र-सूर्य पुन्हा जुळतात. मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरून ३३ वर्षांनी मूळ जागी येतो तो याचमुळे. आपण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून ही तूट भरतो, म्हणून आपली दिवाळी पावसाळ्यात जात नाही.

बी-४०२: वा काका! आता तिसरा सीझन लावते.

सी-२०१: थांब, एवढं लिहून घे. तिसऱ्यात दुसरं जग येतं, तिथे खोल्या आरशातल्यासारख्या उलट आहेत. कपाळावर केस कापलेली मार्था त्या जगातली. त्या जगात मिकेल हरवतच नाही, म्हणून तिथे योनास जन्मलेलाच नाही. दोन जगांना दोन वेगळे कागद घे. आता पुढचे मेसेज वाचू नकोस.

डी-३०३: सीझन ३, शेवटचा भाग
.
.
.
.
.
इथे मात्र माझी तक्रार आहे. टानहाउसचा मुलगा, सून आणि तान्ही नात १९७१ च्या अपघातात जातात, त्यांच्यासाठी तो यंत्र बांधतो आणि १९८६ मध्ये एका जगाची दोन होतात. एवढं मोठं कारण, आणि त्या कुटुंबाची ओळख इतक्या उशिरा! मुलगा-सून आपल्याला नीट माहीतच नाहीत.

सी-२०१: उशीर झाला हे मान्य. पण अचानक नाही. पहिल्या भागाची सुरुवातच टानहाउसच्या आवाजाने होते, आणि गुहेतल्या दारावरच्या गाठीला पहिल्या सीझनपासून तीनच वेढे आहेत. आपण दोन जगं मोजून थांबलो, तिसरं हे मूळचं जग.

डी-३०३: खूण दिली म्हणजे माया लागते असं नाही ना ताई. मिकेलसाठी जीव तुटला, टानहाउसच्या मुलासाठी, मारेकसाठी, नाही तुटला.

बी-१०४: योनासची वंशावळ पूर्ण लावली: बाप मिकेल, आजोबा उलरिक, पणजोबा ट्रोन्टे, खापरपणजोबा तो ओठावर व्रण असलेला अनामिक. आणि त्या अनामिकाचा बाप योनास.

ए-१०३: म्हणून शेवटच्या जेवणाच्या टेबलावर नील्सन घराण्याच्या रक्ताचं कोणीच नाही. काथारिना आहे, कारण ती लग्नाने नील्सन. हाना, पीटर, रेगिना, बेनी, वोलर आहेत. शार्लोट नाही. ज्यांच्या जन्मामागे काळातला प्रवास आहे ते सगळे पुसले गेले.

ई-२०२: पण रेगिना कशी? ती ट्रोन्टेची मुलगी ना?

ए-१०३: नाही काका, तिसऱ्या सीझनमध्ये कळतं, तिचे वडील बेर्न्ड डॉप्लर. म्हणूनच रेगिनाची आई क्लॉडिया इतकी झटते, दोन जगांची गाठ सुटली तरी तिची लेक जगणार असते. तुमच्या कागदावर ट्रोन्टेकडून रेगिनाकडे गेलेली रेघ खोडा.