शब्दचर्चा : ‘फरशी’ भिंतीवर चढते का?

विचारणा : इंग्लंडमधील जुन्या मांसविक्रीच्या दुकानांविषयीच्या एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तेथील खाटकांच्या दुकानांच्या दर्शनी भागावर, बहुधा खिडकीखालच्या कंबरेएवढ्या भिंतीवर, बैल, मेंढ्या, डुकरे यांची चित्रे असलेल्या झिलईदार टाइल बसवीत. त्यांना ‘चिनी मातीच्या फरश्या’ म्हणावे काय?

प्रतिसाद : माझ्या मते म्हणू नये. ‘फर्श’ म्हणजे अंथरलेले. त्यामुळे फरशी म्हटले की मराठी वाचकाची नजर पायांकडे जाते, आणि इथे तर सारा कारभार भिंतीवरचा आहे. गंमत अशी की इंग्रजी ‘टाइल’ मुळात छपरावरून उतरलेली आहे : लॅटिन ‘तेगुला’ म्हणजे कौल, आणि त्यामागचे क्रियापद झाकण्याचे. भिंतीवरच्या टाइलसाठी रुळलेला शब्द हवा असेल, तर गोव्यात पाहावे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांची 1935 सालची निळी भित्तिचित्रे आहेत. त्या टाइलना पोर्तुगीजमध्ये ‘अझुलेजू’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘अझुल’ म्हणजे निळा, म्हणून हा शब्द त्यावरून आला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो अरबी ‘अल्-झुलैज’वरून आलेला आहे. मात्र इंग्लंडच्या दुकानाला तो चिकटवणे योग्य नाही. आपण ‘चित्रलादी’ वापरून पाहावे.

विचारणाकर्ता : परंतु मुंबईत ‘लादी पुसणे’ म्हणजे जमीनच पुसणे; मग लादीने फरशीहून अधिक काय साधले?

प्रतिसाद : आपला आक्षेप रास्त आहे. तरीही लादी हा आकाराचा शब्द आहे, जागेचा नव्हे. लादीपाव कोणी जमिनीवर अंथरीत नाही. शिवाय ‘चित्र’ जोडल्यावर पुसण्याचा अर्थ मागे पडतो, जरी या टाइल लावण्याचे एक मोठे कारण त्या धुऊन-पुसून स्वच्छ ठेवता येतात हेच होते. लंडनच्या हॅरॉड्स या मोठ्या दुकानातील मांसदालनासाठी चित्रकार डब्ल्यू. जे. नीटबी यांनी 1902च्या सुमारास रचलेले, डोल्टन या चिनी मातीकाम करणाऱ्या कंपनीच्या टाइलांचे काम दर्शनी भागावरचे नसून आतले आहे, पण तिथेही हा शब्द चालेल. काही टाइलांवर मेंदीच्या कोनासारख्या साधनाने पातळ मातीच्या उंच रेघा ओढून दोन रंगांची झिलई वेगळी राखीत. त्यांना ‘उठावरेघी चित्रलादी’ म्हणता येईल. चित्रांत जनावरे कुरणात उभी असतात, मांस क्वचितच दिसते, ही गोष्ट भाषांतरात हरवू देऊ नये.

‘कसाई’ शब्दाला क्रौर्याचा वास येतो, म्हणून ‘खाटीक’ हा आपला शब्द योग्यच आहे. ‘मटणाचे दुकान’ मात्र टाळावे. आपल्याकडे मटण बहुधा बोकडाचे, आणि त्या भिंतीवर तर डुक्करही उभे आहे.