डाउनहिल ट्रॅक एका सीझनमध्येच उखडला: बर्म, ब्रेकिंग बंप आणि सपाट शेपूट, यात काय बदलावं?

घाटउतार विचारतात:

त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला खासगी टेकडीवर डाउनहिलचा, म्हणजे माउंटन सायकलने उतारावरून शर्यत लावायचा ट्रॅक आहे. लांबी ९०० मीटर, वरून खालपर्यंत उंचीतला फरक ११० मीटर. डिसेंबरात स्थानिक रेस घ्यायची आहे, साधारण ५० रायडर. सध्याची अवस्था अशी:

तिसरं वळण डावीकडे जातं. त्याआधी ७० मीटर सरळ उतार आहे. वळणापूर्वीच्या १२ मीटरांत ब्रेकिंग बंप (सारखे ब्रेक लागून पडणारे खळगे) पडलेत, काही वीतभर खोल. त्याच वळणाचा बर्म (बाहेरच्या कडेचा कलता मातीचा बांध) बाहेरून ढासळलाय आणि आतल्या बाजूला पाणी साचतं. बर्मसाठी माती पायथ्याची वापरली होती, मुरूम आणि काळी मिसळलेली.

मधे ६ मीटरचा टेबलटॉप (सपाट माथ्याची मातीची उडी) आहे. निम्मे रायडर टेबलावर पडतात, बाकीचे लँडिंगच्या पार पुढे सपाटीवर.

शेवटच्या १८० मीटरांत उतार जेमतेम ९ मीटर. तिथे नुसतं पेडल मारत यावं लागतं.

आणि तक्रारी उलटसुलट. अर्धे म्हणतात ट्रॅक खराब झालाय, अर्धे म्हणतात फार गुळगुळीत आहे, रेसचा वाटत नाही. गणपती झाले की काम सुरू करायचंय. सहा मजूर, बारा दिवस, जेसीबी एक दिवस. कशापासून सुरुवात करावी?

---

मुरूम_धुम्मस

आधी मातीचं बघू, कारण तुमचा बर्म तिथेच हरलाय. काळी माती पावसात फुगते आणि ऑक्टोबर हीटमध्ये भेगाळते. बर्मच्या तोंडावर ती घमेलंभरसुद्धा नको. नाशिकच्या पट्ट्यात टेकडीच्या अंगाला सुटा मुरूम मिळतो, तो उत्तम. पण नुसता मुरूम बांधून राहत नाही, जानेवारीपर्यंत त्याचं पीठ होतं. तीन घमेली चाळलेला मुरूम आणि एक घमेलं तांबडी चिकण माती, हे मिश्रण घ्या. चाळणी २० मिलिमीटरची. वर राहिलेले खडे फेकू नका, पोटात भरायला लागतात.

ओल बघायची सोपी परीक्षा: मूठभर मिश्रण घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी किंवा चिकण कमी. चपटं होऊन बसलं तर पाणी जास्त, त्या दिवशी धुम्मस (ठोकून घट्ट करणं) करू नका.

भराव एकदम टाकून वरून ठोकला की वरचे चार बोटं घट्ट होतात आणि आत पोकळ राहतं. बाहेरून ढासळण्याचं ते नेहमीचं कारण. १०-१२ सेंटीमीटरचा थर टाका, पाणी मारा, धुम्मस करा, मग पुढचा थर. थर टाकण्यापूर्वी खालचा पृष्ठभाग टिकावाने ओरखडून घ्या, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. बर्म हवा त्यापेक्षा वीतभर जाड बांधा आणि शेवटी खोऱ्याने तासून आकार द्या. तासलेलं तोंड थापलेल्या तोंडापेक्षा कितीतरी टिकतं.

आता माप. वळणाचा मध्य धरून खुंटी ठोका, ५ मीटर सुतळी बांधा आणि चुन्याने कमान आखा. १२० अंशांचं वळण म्हणजे साडेदहा मीटर लांब बर्म. उंची १ मीटर, माथा ४० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना ४५ अंश धरले तर पक्का भराव जवळपास १५ घनमीटर होतो. सुटा माल त्याच्या सव्वापट, म्हणजे साडेसहा ब्रास. हे वाचून घाम फुटला असेल तर निम्मं पोट दगडाने भरा. मात्र दगडांमधल्या फटी बारीक खड्याने ठासून घ्या. फटी राहिल्या की पहिल्या पावसात वरचा मुरूम आत उतरतो आणि तोंडावर भोक पडतं.

माल बाहेरून आणणार असाल तर रॉयल्टीची पावती गाडीबरोबर हवी, मुरूम गौण खनिजात येतो. ब्रह्मगिरी डोंगराच्या बेकायदा खोदकामाचं प्रकरण झाल्यापासून या बाजूला डोंगरावर जेसीबी दिसला की फोन फिरतात, आणि ते योग्यच आहे. जेसीबी पायथ्यालाच ठेवा, वर हातानेच काम करा.

पाणी साचतं त्याला उपाय बर्ममध्ये नाही, वर आहे. वळणाच्या १५-२० मीटर आधी ट्रॅक आडवा किंचित चढवा आणि तिथूनच पाणी दरीच्या अंगाला काढून द्या. बर्मखालून पाइप घालायचा मोह होईल. घालू नका, पालापाचोळ्याने एका आठवड्यात तुंबतो.

---

टेपच्या_आत

मुरूमभाऊंचं मातीबद्दल सगळं मान्य. पण ७० मीटर सरळ उतार तसाच राहिला तर बर्म सिमेंटचा केला तरी फरक पडणार नाही.

हिशोब करा. बर्मला किती कलतं तोंड लागतं ते वेग आणि त्रिज्येवर ठरतं. ५ मीटर त्रिज्या आणि ताशी २५ किलोमीटर वेग असेल तर ४५ अंशांच्या आसपास. तोच रायडर ३५ ने आला तर ६२ अंश लागतात. मुरूम ६२ अंशांवर उभा राहत नाही. मग रायडर काय करतो? बर्मच्या बारा मीटर आधी ब्रेक दाबून २५ वर येतो, आणि तुमचे बंप नेमके तिथेच आहेत. बंप म्हणजे मातीचा दोष नव्हे, ट्रॅकच्या आखणीची ती कबुली आहे.

म्हणून वेग वरच कमी करा. सरळ उताराच्या मध्यावर, साधारण ३५ मीटरवर, ट्रॅक उजवीकडे ८-१० मीटर सरकवून परत आणा. तिथे बर्म नको, सपाट वळण ठेवा. शिवाय तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी ४०-५० सेंटीमीटरचा चढ द्या. चढावर सायकल आपोआप हळू होते आणि चाकं दाबली गेल्याने ब्रेक चांगला धरतो. त्रिज्या ८ मीटर करता आली तर ३५ च्या वेगालाही ५० अंश पुरतात. एवढं करूनही ब्रेक लागणारच असेल तर त्या चार-पाच मीटरांत सोलिंग करा: दगड आडवे न मांडता उभे गाडा, दोन तृतीयांश जमिनीत, खडबडीत बाजू वर. आपला काळा दगड गुळगुळीत बाजूने वर आला आणि त्यावर शेवाळ धरलं की तो साबण होतो.

‘खराब’ आणि ‘अवघड’ यांत लोक गल्लत करतात. ब्रेकिंग बंप, सुटा भुगा, आंधळ्या वळणामागचा खड्डा हा खराब ट्रॅक, कारण तिथे सगळ्यांनाच त्रास होतो आणि कौशल्याने काही सुटत नाही. उघडी मुळं, आडवा कललेला उतार, पायरीसारखा कातळ हा अवघड ट्रॅक, कारण तिथे दोन रायडरांत फरक पडतो. २०११ ची स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीची डाउनहिल वर्ल्ड चॅम्पियनशिप आठवा. उभा उतार, पाऊस, चिखल, आणि डॅनी हार्टने दुसऱ्या क्रमांकाला ११ सेकंदांहून जास्त मागे टाकलं. गुळगुळीत बर्मांच्या ट्रॅकवर एवढी फट पडणं अशक्य.

तुमच्याकडे वरच्या भागात आडवा उतार असणारच. तो खणून सपाट करू नका. फक्त गवत आणि सुटे दगड काढा, ट्रॅकच्या दोन्ही कडांची टेप एकमेकींपासून ५ मीटरवर लावा आणि रायडरला ठरवू द्या, वरून जायचं की खालून. टेप कुठे लावायची ते असं ठरवा: एकाच रायडरला दोन्ही लाइनींवर पाच-पाच वेळा सोडा आणि त्या तुकड्याची वेळ घ्या. एक लाइन सेकंदाहून जास्त वेगवान निघाली तर रेसमध्ये दुसरी कोणी घेणार नाही. मग टेप हातभर सरकवा आणि परत मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण ट्रॅकचा दर्जा इथेच ठरतो.

शेवटचे १८० मीटर कापून टाका. फिनिश वर घेतलीत तर ७२० मीटरांत १०१ मीटर, म्हणजे १४ टक्के. सध्या सरासरी १२ आहे. स्कॉटलंडमधला फोर्ट विल्यमचा वर्ल्ड कप ट्रॅक २० टक्क्यांच्या जवळ जातो, त्यामुळे तुमचा चौदाचा ट्रॅकही सौम्यच म्हणायचा, पण पेडलची शर्यत तरी राहणार नाही. कापलेला भाग थांबायला वापरा.

---

घाटउतार

शेपूट कापायचं पटलं. पण मग रन दीड मिनिटाचाच होईल ना? यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमात किमान दोन मिनिटं आणि दीड किलोमीटर आहे. आणि टेबलटॉपचं काय करू, मोडू की मोठा करू?

---

लँडिंग२०अंश

ताशी ३० ची सरासरी धरली तर ७२० मीटरला ८६ सेकंद. स्थानिक रेसला यूसीआयची लांबी गाठायचा हट्ट कशाला? दोन रन घ्या, चांगला धरा. टेकडी आहे तेवढीच आहे, वळणं वाढवून लांबी ताणली की उतार मरतो.

टेबलटॉप मोडू नका, त्याची जागा बदला. २० अंशांची लिप (उडीची चढती कड) असेल आणि टेबल लिपच्याच पातळीत असेल तर ६ मीटरला साधारण ३४ चा वेग लागतो. ३२ ने आलेला सव्वापाच मीटरच जातो, म्हणजे पाऊण मीटर कमी पडून टेबलावर. ४० ने आलेला आठ मीटर जातो. वेग दहा टक्के वाढला की उडी एकवीस टक्के लांबते. तुमची उडी सरळ उतारानंतर असेल, जिथे एकाचा वेग ३० आणि दुसऱ्याचा ४०, तर कुठलंच माप सगळ्यांना बसणार नाही. ती वळणानंतर १०-१५ मीटरवर घ्या. वळण सगळ्यांना जवळपास एकाच वेगाने बाहेर सोडतं. मधल्या अंतरात ब्रेक लावावा लागेल असं काही ठेवू नका.

लँडिंगचा उतार २० अंशांचाच, पण लांबी किमान ५ मीटर. बहुतेक ठिकाणी दोन मीटरचं लँडिंग करून माती वाचवतात, आणि जो पुढे जातो त्याचा घोटा किंवा मनगट जातं. लिपचा गोलावा शेवटपर्यंत सारखा चढत गेला पाहिजे. शेवटच्या अर्ध्या मीटरात ती एकदम उभी झाली की मागचं चाक वर फेकलं जातं आणि रायडर हँडलवरून जातो. बारीक फळीचा साचा कापून लिपवर आडवा धरा, फट दिसते तिथे माती भरा. डोळ्यांनी हे कळत नाही.

एका बाबतीत टेपच्या_आत यांच्याशी वाद. वरचा भाग नैसर्गिक ठेवा म्हणणं सोपं, पण ५० रायडरांपैकी वीस जण हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) येणार. त्यांना आडव्या उतारावर सोडायचं असेल तर खालच्या बाजूला दहा मीटर मोकळं हवं. झाड किंवा दगड असेल तर तो तुकडा सरळ वगळा.

---

टेपच्या_आत

मान्य. खाली मोकळं नसेल तर टेप वर घ्यायची, एवढंच. हार्डटेलसाठी वेगळा ट्रॅक मात्र करू नका, दोन्ही अर्धवट होतील.

---

शिट्टी_आणि_झेंडा

ट्रॅकच्या दर्जात मार्शलही, म्हणजे कडेला झेंडा घेऊन उभी राहणारी माणसंही धरा. प्रत्येक मार्शलला वरचा आणि खालचा मार्शल दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मधे आणखी एक. पिवळा झेंडा सगळ्यांकडे, लाल झेंडा वॉकीटॉकीवाल्यांकडे. दोन रायडरांत एक मिनिटाचं अंतर ठेवा. ८६ सेकंदांच्या ट्रॅकवर मग एका वेळी दोनच रायडर असतात आणि लाल झेंड्याने एकालाच थांबवावं लागतं. अर्ध्या मिनिटाने सोडलेत तर एका वेळी तिघे असतात आणि दोघांना थांबवावं लागतं.

नाशिककर म्हणून एक सांगतो. प्रत्येकाच्या शेडमध्ये जुन्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल पडलेले असतात, आणि टेपसाठी तेच ठोकायची इच्छा होते. अँगलवर पडलेला माणूस बघायची वेळ येऊ देऊ नका. पीव्हीसी पाइप, नाहीतर कामटी, जी धक्क्याला वाकते किंवा मोडते. जुन्या तारेचा तुकडाही ट्रॅकच्या आसपास ठेवू नका.

झाडांना आणि दगडांना भाताच्या पेंढ्याची पोती बांधा, इगतपुरी-त्र्यंबककडे पेंढा सहज मिळतो. पोती सैल भरा आणि रेसच्या आदल्या दिवशीच बांधा. दवाने भिजून दबली की ती दगडासारखीच लागतात.

आणि उतारावर समतल चर आहेत का ते ट्रॅकपासून दहा मीटरपर्यंत चालून बघा. गवत वाढलं की ते चर अजिबात दिसत नाहीत, आणि टेपबाहेर गेलेलं पुढचं चाक नेमकं त्यातच जातं. तेवढ्या भागातले चर बुजवू नका, पाणी अडवायला ते केलेले असतात. गवत कापा आणि जाळी लावा. जाळी ट्रॅकपासून दोन मीटर लांब, टेपच्या रेषेत नाही.

---

मुरूम_धुम्मस

कामाचा क्रम सांगायचा राहिला. पहिले तीन दिवस खणायचं नाही, नुसती चुन्याने आखणी आणि चालणं. चौथ्या ते सहाव्या दिवशी पाण्याचे उतार. मग वळण सरकवणं आणि बर्म, त्यातही दगडाचं पोट आधी. टेबलटॉप सगळ्यात शेवटी, वळणातून सायकली किती वेगाने बाहेर पडतात ते मोजून. काम झाल्यावर परतीच्या पावसापर्यंत कोणाला चालवू देऊ नका. एक चांगली सर पडली की छत्री घेऊन ट्रॅकवर जा आणि पाणी कुठून वाहतं तिथे खुंट्या ठोका. उरलेली दुरुस्ती त्या खुंट्यांवरच करायची.

तोंडावर सिमेंट शिंपडायचा सल्ला कोणीतरी देईलच. त्याने पातळ पापुद्रा धरतो आणि दहाव्या रायडरला पत्र्यासारखा सुटतो. त्यापेक्षा रेसच्या आधी तीन संध्याकाळी झारीने पाणी मारा, सकाळी नको. सकाळी मारलेलं पाणी वरच्या वर राहतं आणि पहिल्या प्रॅक्टिसला चिखल होतो.