मदत हवी आहे: वर्डप्रेसच्या शोधात डोळ्यांसमोर दिसणारा शब्द सापडत नाही

आखाडा (धागाकर्ती)

परभणी जिल्ह्यातून लिहितेय. आमचा शेतीविषयक ब्लॉग वर्डप्रेसवर आहे, विकत घेतलेल्या होस्टिंगवर. सोयाबीन, तूर, कापसावरची गुलाबी बोंडअळी, रब्बीची ज्वारी, पावसाच्या नोंदी असं बरंच काही त्यात साठलंय. जुने लेख वडिलांनी संगणकावर टाइप केलेले आहेत. अलीकडचे मी आणि भाऊ मोबाइलवरून लिहितो.

अडचण शोधाची आहे. ‘घरचं सोयाबीन पेरणार्‍या शेतकर्‍यांसाठी उगवण चाचणी’ असा वडिलांचा एक लेख आहे. ‘उगवण’ टाकलं की तो येतो, ‘सोयाबीन उगवण’ टाकलं तरी येतो. पण ‘शेतकऱ्यांसाठी उगवण’ टाकलं की ‘काहीही सापडले नाही’. शीर्षकात तो शब्द ढळढळीत दिसतोय! लेखातलाच शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकला तर लेख येतो, मात्र तेव्हा भावाने लिहिलेले नवे लेख गायब होतात.

दुसरी गोष्ट, टॅगच्या यादीत ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ दोनदा दिसतं. अक्षरन् अक्षर सारखं. एकावर टिचकी मारली की जुने लेख उघडतात, दुसऱ्यावर नवे.

कॅश रिकामी केली, सगळे प्लगइन बंद करून पाहिले, मूळ थीम लावली, पर्मालिंक पुन्हा सेव्ह केल्या, फोनवर आणि संगणकावर वेगवेगळे ब्राउझर वापरले. होस्टिंगवाल्यांनी डेटाबेसचं कोलेशन (अक्षरं जुळवण्याचे नियम) बघा म्हणून सांगितलं. ते आधीपासूनच यूटीएफ८एमबी४ प्रकारचं, म्हणजे देवनागरी चालणारं आहे.

घाई एवढ्यासाठी की मृग तोंडावर आलाय. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि ७० तरी उगवले तरच ते बियाणं पेरायला घ्यायचं, हे त्या लेखात वडिलांनी टप्प्याटप्प्याने लिहिलंय. आसपासच्या गावांतले लोक दरवर्षी हाच लेख फोनवर शोधतात. तो न सापडल्यामुळे कुणी चाचणी न करताच पेरणी केली आणि दुबार पेरणीची पाळी आली, तर बियाणं, खत, मजुरी सगळंच दुप्पट. कृपया कुणीतरी नीट बघा.

मोंढा

ताई, शीर्षक लांब आहे, लेखाचा वेब-पत्ता अर्धवट कापला जात असेल. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० चिन्हांचीच जागा ठेवतो आणि देवनागरीचं एकेक अक्षर किंवा मात्रा तिथे ९ चिन्हं खाते. बावीसेक अक्षरांत जागा संपते.

आखाडा

हो दादा, पत्ता कापला गेलाय खरा, पण लेख त्या पत्त्यावर उघडतो. आणि शोध तर शीर्षक आणि मजकुरात होतो ना?

गोदाकाठ

बरोबर बोललात ताई, पत्त्याचा यात संबंध नाही. माझा अंदाज ‘ऱ्य’वर आहे. पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस उघडून बघायच्या साधनात) जाऊन एक तपासा: जुन्या लेखातला ‘शेतकर्‍या’ आणि नव्या लेखातला ‘शेतकऱ्या’ हे दोन्ही तुकडे घ्या आणि कॅरॅक्टर लेंग्थ या फंक्शनने मोजा. नवा ८ भरेल, जुना ९.

कारण सांगतो. अर्धा, आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी म्हणजे साधा ‘र’ (०९३०), हलन्त (०९४डी) आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह, २००डी. ही दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली आहे. जुन्या लेखनाची मोडतोड होऊ नये म्हणून ती अजून चालू ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. वर्डप्रेसचा शोध मात्र डेटाबेसची ‘लाइक’ ही तुलना वापरून साठवलेली चिन्हं एकापुढे एक जुळवत जातो, आणि दोन शब्द दिले तर दोन्ही जुळावे लागतात. म्हणून एकटं ‘उगवण’ चालतं आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ जोडलं की शोध रिकामा येतो. टॅग दोन होण्याचं कारणही हेच.

मोंढा

मग युनिकोड नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करणं) चालवून टाका की. पीएचपीत तयार सोय आहे.

गोदाकाठ

त्याने हे सुटत नाही. ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिलेला असेल तर नॉर्मलायझेशन त्याचा ‘ऱ’ करतं, कारण ते दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत. अदृश्य जोडचिन्हाची रीत त्या समानतेत बसत नाही. ती स्वतःच बदलावी लागते.

आखाडा

मोजलं. ८ आणि ९. खरंच तसंच आहे! मग ते अदृश्य चिन्ह सगळीकडून पुसून टाकू का?

गोदाकाठ

थांबा, ते अजिबात करू नका. नुसतं चिन्ह पुसलं की र् आणि य एकत्र येऊन रफार होतो, ‘शेतकर्या’ असं दिसायला लागतं. दऱ्यांचा दर्या होईल, आचाऱ्यांचे आचार्य होतील. शिवाय तेच चिन्ह इतर अक्षरं अर्धी दाखवायला आणि काही इमोजी जोडायलाही वापरतात.

बदलायचं ते तिन्ही चिन्हांचं पूर्ण त्रिकूट: र, हलन्त, जोडचिन्ह. त्याच्या जागी ऱ आणि हलन्त. पुढे य असो वा ह, फरक पडत नाही. तऱ्हा, गऱ्हाणं, वऱ्हाड सगळे त्यातच येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा बदल थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या आज्ञांनी) डेटाबेसच्या सगळ्या तक्त्यांवर चालवू नका. लेखांच्या तक्त्यात मजकूर साधा असतो, तिथे निभावेल. पण ऑप्शन्स आणि पोस्टमेटा या तक्त्यांत पुष्कळ माहिती सिरियलाइज करून ठेवलेली असते, म्हणजे प्रत्येक मजकुरापुढे त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. तुमचं त्रिकूट ९ बाइटचं आणि नवी जोडी ६ बाइटची. मजकूर ३ बाइटने आखूड झाला आणि आधीचा आकडा तसाच राहिला, तर वर्डप्रेसला ती नोंद वाचताच येत नाही. बाजूपट्टीतलं विजेट नाहीसं होतं, थीमच्या सेटिंग पुसल्यासारख्या वाटतात.

म्हणून आधी डेटाबेसची पूर्ण प्रत उतरवून घ्या. मग होस्टिंगवर कमांड लाइन मिळत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयचा सर्च-रिप्लेस वापरा, नसेल तर बेटर सर्च रिप्लेस हे प्लगइन. दोन्ही लांबीचे आकडे सांभाळून घेतात. दोन्हींत ड्राय रन (काही न बदलता नुसती चाचणी) आहे, तो आधी चालवा आणि कोणत्या तक्त्यात किती जागा निघतात ते बघा. जीयूआयडीचा (प्रत्येक लेखाच्या कायमच्या ओळखीचा) स्तंभ वगळा. लेखांचे पत्ते वेगळ्या सांकेतिक रूपात साठवलेले असतात, त्यामुळे त्यांना धक्का लागणार नाही. जुन्या लिंका व्हॉट्सॲपवर फिरत असतील तर त्या तशाच चालतील.

आखाडा

दादा, तुम्ही म्हणालात तसंच केलं. प्रत उतरवली, ड्राय रन बघितला, मग खरा बदल चालवला. ‘शेतकऱ्यांसाठी उगवण’ टाकलं आणि तो लेख पहिल्या ओळीत आला. वडिलांना फोन करून लगेच सांगितलं.

दोन गोष्टी उरल्यात. टॅग अजून दोनच आहेत. आणि मधले काही लेख अजूनही सापडत नाहीत. ते उघडून पाहिले तर त्यांत ‘शेतकर्यांसाठी’ असा सरळ रफारच दिसतोय. ते लेख एका जुन्या ॲपमधून आले होते.

गोदाकाठ

टॅगचं नाव आता सारखं झालं तरी नोंदी दोन आहेत आणि त्यांचे पत्ते वेगळे आहेत. जुन्या टॅगखालचे सगळे लेख निवडा, ‘बल्क एडिट’मधून नवा टॅग जोडा, पण नावं सारखीच असल्यामुळे आधी जुन्या टॅगचं नाव तात्पुरतं बदलून घ्या, नाहीतर कोणता जोडतोय ते कळणार नाही. नंतर जुना टॅग काढून टाका. लेखाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्याकडे आपोआप नेतो, टॅगसाठी तसं करत नाही. तेवढं एक रीडायरेक्ट हाताने लावा.

रफाराचे लेख म्हणजे त्या ॲपने जोडचिन्ह गाळून टाकलेलं. ते सरसकट बदलता येणार नाहीत, कारण कार्य, सूर्य, धैर्य हे रफाराचे खरे शब्द आहेत. तिथे शब्दागणिकच जावं लागेल. शोधताना ‘लाइक बायनरी’ वापरा, नाहीतर कोलेशन जवळची अक्षरं एकच धरू शकतं. आणि इथे नुसती लांबी मोजून कळणार नाही, रफाराचा ‘शेतकर्या’ पण ८ च भरतो.

पुढे वडील पुन्हा संगणकावर लिहिणार असतील तर त्यांना इन्स्क्रिप्ट कळफलक लावून द्या. त्यात शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की थेट ‘ऱ’ येतो. तरीही एखादा जुना मजकूर कुणी चिकटवेल, म्हणून लेख साठवला जाण्याआधीच त्रिकूट बदलणारा छोटा फिल्टर चाइल्ड थीमच्या (मूळ थीमला जोडलेल्या आपल्या थीमच्या) फंक्शन्स फाइलमध्ये घाला. डब्ल्यूपी_इन्सर्ट_पोस्ट_डेटा या हुकवर (वर्डप्रेसमध्ये आपला कोड जोडायच्या जागेवर) तो बसतो.

आखाडा

टॅग एक झाला, रीडायरेक्ट लावलं, फिल्टरही बसवला. रफाराच्या शब्दांची यादी करत बसलेय. दुसऱ्या कुणाला लागली तर घ्या. बिनधास्त बदलता आले ते: शेतकर्या, पेरणार्या, करणार्या, होणार्या, दुसर्या, तिसर्या, बर्याच. ‘वार्य’ आणि ‘चार्य’ हे तुकडे म्हणून बदलू नका, अनिवार्य आणि प्राचार्य त्यात सापडतात. वाऱ्यावर, वाऱ्याचा असे शब्द मी एकेक लेख उघडून हातानेच दुरुस्त करतेय. पावसाच्या नोंदींत ते बरेच आहेत, पण उगवण चाचणी आणि बीजप्रक्रियेचे सगळे लेख आजच पूर्ण झालेत.