तीन गिऱ्हाइकांची थकबाकी: आधी कुठे हात घालायचा?

जॉबवर्कवाला

प्रोप्रायटरी युनिट आहे, पावडर कोटिंग आणि हलकं फॅब्रिकेशन. उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग नोंदणी) २०२१ ची, सूक्ष्म वर्ग. तीन ठिकाणी पैसे अडकलेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

१) प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बिल ४,८०,०००, सात महिने झाले. पीओ (खरेदी ऑर्डर) आहे, डिलिव्हरी चलनावर त्यांच्या स्टोअरचा सही-शिक्का आहे. पीओत ‘पेमेंट ९० दिवस’ आणि ‘वाद झाल्यास लवाद’ असं छापलंय. आता तोंडी म्हणतात की कोटिंग नीट नव्हतं. लेखी काही नाही.

२) प्रोप्रायटर. १,७५,००० चा चेक ‘फंड्स इन्सफिशियंट’ म्हणून परत आला, बँकेचा चेक-परतीचा मेमो मिळून १९ दिवस झाले. चेक दिल्यानंतर आणि आम्ही बँकेत टाकायच्या आधी त्याने २५,००० एनईएफटीने पाठवले होते. फोनवर म्हणतो, ‘पुन्हा टाका, पास होईल.’

३) भागीदारी फर्म, २,६०,०००. बिल दोन वर्षं दहा महिन्यांपूर्वीचं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, ‘पुढच्या महिन्यात बघतो’ छापाचे मेसेज भरपूर.

तिघांना एकदम वकिलाची नोटीस काढावी का? काही जण सांगतात पोलिसात फसवणुकीची तक्रार द्या, काही म्हणतात एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात) खेचा.

मुदतमोजणी

रक्कम बाजूला ठेवा, कॅलेंडर बघा. क्रम उलटा लागतो: आधी दोन नंबर, मग तीन, शेवटी एक.

चेकचं गणित असं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस निघायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. ते संपले की एका महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. समजा मेमो ३ मार्चला मिळाला, तर नोटीस २ एप्रिलपर्यंत. ती १० एप्रिलला पोचली तर २५ एप्रिलपर्यंत त्याची मुदत आणि तक्रार २५ मेच्या आत दाखल केलेली बरी. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीच्या उशिराला माफी नाही. तुमच्याकडे ११ दिवस उरलेत.

नोटीस प्रोप्रायटरच्या नावाने काढा, पाटीवरच्या नावाखाली तो धंदा करतो असं लिहून. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा आणि ट्रॅकिंगचा छापील उतारा त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर तो साइटवर सापडत नाही. पत्ता बरोबर असेल तर ‘घेण्यास नकार’ शेऱ्याचं पाकीटसुद्धा पोचल्यासारखंच धरतात. पाकीट परत आलं तर फोडू नका.

दरखास्त

वरचं गणित बरोबर, पण २५,००० कडे दुर्लक्ष झालंय आणि केस नेमकी तिथेच बसते.

चेक १,७५,००० चा. तो बँकेत टाकला त्या दिवशी येणं होतं १,५०,०००. म्हणजे चेकवरची रक्कम प्रत्यक्ष देण्यापेक्षा जास्त. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की चेक दिल्यावर काही रक्कम आली असेल, तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो टाकायचा. नोंद न करता पूर्ण रकमेचा टाकला, तर त्याच कायद्याच्या कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा, गुन्हा होत नाही. नोटीस १,५०,००० ची काढली तरी भागत नाही, कारण नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेशी जुळावी लागते. दोन्हीकडून कात्री.

मार्ग एकच सरळ आहे. तो ‘पुन्हा टाका’ म्हणतोय ना? त्याच्याकडून १,५०,००० चा नवा चेक घ्या, सोबत कोणत्या बिलापोटी आहे ते लिहिलेलं पत्र घ्या आणि मग जुना परत करा. जुन्यावर नोंद करून टाकायचं म्हटलं तर बँकेला आधी विचारा, सीटीएसमध्ये (चेकची प्रतिमा पाठवून होणाऱ्या क्लिअरिंगमध्ये) खाडाखोडीचा चेक चालत नाही. आणि चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांतच तो टाकता येतो, हे विसरू नका.

नवा चेक देत नसेल तर फौजदारी सोडा. बिल आणि परत आलेला चेक यांवर १,५०,००० ची समरी सूट (झटपट चालणारा दिवाणी दावा) लावा, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि पुढे बचावासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते. ती फुकट मिळत नाही. बचाव तकलादू वाटला तर कोर्ट आधी पैसे भरायला लावतं.

ज्या केसमध्ये असा घोळ नाही त्यांच्यासाठी: १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर कलम १४३अ खाली २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो.

खातेवही

तीन नंबरचं बोलतो. २,६०,००० म्हणजे तीन लाखांच्या खाली, व्यावसायिक न्यायालयाचा प्रश्न येत नाही. साध्या दिवाणी कोर्टात थेट दावा टाकता येईल.

मुदतमोजणी

@खातेवही, इथेच गंमत आहे. व्यावसायिक न्यायालय कायद्यात पैशाच्या दाव्याचं मूल्य दाखल करायच्या दिवसापर्यंतच्या व्याजासकट धरतात. २,६०,००० वर सरळ १८ टक्क्यांनी मागणी केली तर दोन वर्षं दहा महिन्यांचे सुमारे १,३२,६०० होतात. दावा गेला ३,९२,६०० वर. आता तो व्यावसायिक दावा झाला आणि कलम १२अ ची दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची झाली. तातडीच्या मनाई हुकुमाची खरी गरज असेल तरच सुटका. मध्यस्थीशिवाय टाकलेला दावा फेटाळला जातो, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलंय.

तेव्हा आधी ठरवा. व्याज सोडून किंवा कमी करून तीन लाखांच्या आत राहायचं आणि लगेच दावा टाकायचा, की पूर्ण व्याज मागून मध्यस्थीला जायचं. मध्यस्थीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, शुल्क १,०००. समोरचा आलाच नाही तर ‘नॉन-स्टार्टर’ अहवाल मिळतो, तो जोडून दावा. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज करू नका.

मुदत तीन वर्षांची, आणि ती बिलाच्या तारखेपासूनच मोजतात असं नाही. पेमेंटची तारीख ठरलेली नसेल तर जॉबवर्कमध्ये काम पूर्ण झाल्यापासून धरतात. पुष्कळ युनिटांत माल चलनावर आधी जातो आणि बिल महिनाअखेरीला एकत्र फाडतात. तुमचं शेवटचं चलन बिलाच्या वीस दिवस आधीचं असेल, तर तुमच्याकडे दोन महिने नाहीत, सव्वा महिना आहे. चलनबुक आजच काढा.

खातेवही

मान्य, व्याजाचा मुद्दा माझ्याकडून सुटला.

पुराव्याबद्दल. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट छापून उपयोग नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा). फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका.

शिवाय दोन गोष्टी सीएला विचारा. एक, २६एएस (आयकर खात्याकडचा तुमचा टीडीएस उतारा). बिलावर टीडीएस कापून भरलेला दिसला तर ते बिल त्यांनी त्यांच्या खात्यात घेतलंय. दोन, तुमचं बिल जीएसटीआर-१ (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रा) मध्ये त्यांच्या जीएसटी क्रमांकावर चढलंय का. चढलं असेल आणि त्यांनी त्याचं क्रेडिट (बिलावरच्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर ‘कामच खराब होतं’ म्हणताना त्यांची अडचण होते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास ते क्रेडिट व्याजासह परत फिरवावं लागतं. हे नोटिशीत एका ओळीत लिहा. कंपनीच्या बाबतीत वकिलाच्या चार पानांपेक्षा ही ओळ जास्त काम करते, कारण ती थेट अकाउंट्सवाल्याच्या टेबलावर जाते. फक्त या कागदांवर दावा उभा राहत नाही, पण चलन आणि मेसेजना टेकू मिळतो.

पोचपावती

एक नंबरची केस सगळ्यात मजबूत आहे, घाई मात्र सगळ्यात कमी. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ वापरा.

पीओतले ९० दिवस विसरा. कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. क्वालिटीची तक्रार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी यायला हवी होती. आली नाही, म्हणजे माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं कायदा मानतो. म्हणून चलनावरची ती सही-तारीख सोन्यासारखी आहे.

व्याज कलम १६ चं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट, रेपो रेट नव्हे. पुष्कळ अर्जांत हीच चूक असते. समजायला बँक रेट ६ धरा. वर्षाचे १८, महिन्याचे दीड टक्का. ४,८०,००० वर पहिल्या महिन्याचे ७,२००, दुसऱ्याचे ७,३०८, आणि पाच महिन्यांत ३७,००० च्या वर. तक्ता एक्सेलमध्ये करून जोडा, महिना-महिना दाखवून. ‘व्याज कायद्याप्रमाणे’ एवढंच लिहू नका.

अर्ज ऑनलाइन, याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे: उद्यम क्रमांक, खरेदीदाराचा पत्ता, पीओ, बिलं, चलनं, खातेउतारा. कौन्सिल तुमच्या राज्यातली चालते, खरेदीदार देशात कुठेही असो. आधी समेट, तो फसला की लवाद. पीओतलं लवादाचं कलम इथे आड येत नाही, हा कायदा त्याच्या वर आहे. ९० दिवसांत निकाल असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चाला. पण निवाडा झाला की कलम १९ ची ताकद कळते: आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. अर्धी प्रकरणं या आकड्याच्या धाकानेच मिटतात, असं माझं मत.

हरकती कुठे येतात? उद्यम नोंदणी व्यवहाराच्या नंतरची असेल तर. तुमची २०२१ ची आहे, प्रश्न नाही. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. निव्वळ व्यापाऱ्यालाही नाही, त्याची उद्यम नोंदणी फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जासाठी. जागेवर जाऊन उभारणीसकट केलेलं काम असेल तर ‘हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट आहे’ अशी हरकत ठरलेली.

तीन नंबरसाठीही कौन्सिलचा रस्ता आहे, पण मुदत टेकलेली असताना नुसता ऑनलाइन अर्ज टाकून बसू नका. मुदत थांबली की नाही यावर भांडायला समोरच्याला जागा मिळते.

दरखास्त

पोलीस आणि एनसीएलटीचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. फसवणुकीला, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३१८, सुरुवातीपासून बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. काम करून घेतलं आणि पैसे थकवले हा दिवाणी मामला; असे गुन्हे उच्च न्यायालयात रद्द होतात. एनसीएलटीला २४ मार्च २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते. आणि ते वसुलीचं ठिकाण नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर तुमच्यासारखे पुरवठादार बँकांच्या मागे रांगेत उभे राहतात.

त्यापेक्षा हुकूमनामा मिळाल्यावर काय जप्त करणार याची माहिती आत्तापासून जमवा. त्यांचे चेक कोणत्या शाखेचे येतात, त्यांचे मोठे गिऱ्हाईक कोण. दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बँक खातं जप्त करता येतं आणि त्यांच्या गिऱ्हाइकाकडून त्यांना येणारे पैसेही कोर्टामार्फत अडवता येतात. माहिती नसेल तर हुकूमनामा फायलीत पडून राहतो. फर्मच्या बाबतीत भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतात, त्यामुळे सगळ्या भागीदारांची नावं-पत्ते नोटिशीतच घाला. कंपनीच्या संचालकांबाबत मात्र तसं नाही.

जॉबवर्कवाला

चलनबुक काढलं. शेवटचं चलन बिलाच्या १७ दिवस आधीचं निघालं. फर्मचा एक भागीदार म्हणतो, कोर्ट नको, मी बाकी लिहून देतो. काय लिहून घ्यायचं?

मुदतमोजणी

घ्या, आणि या आठवड्यातच. फर्मच्या लेटरहेडवर: ‘दि. … अखेर आमच्या फर्मकडून … यांना बिल क्र. … दि. … पोटी रु. २,६०,००० देणे बाकी आहे व ते आम्ही दि. … पर्यंत देऊ.’ खाली भागीदाराची सही, ‘फर्मकरिता भागीदार’ असा उल्लेख, शिक्का आणि सहीखाली त्याच्याच हाताने तारीख. मुदतीच्या आत सही झाली तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात, मुदत कायद्याचं कलम १८. ‘व ते आम्ही देऊ’ हे शब्द गाळू देऊ नका. सही मुदत उलटल्यावर झाली तर नुसती ‘बाकी आहे’ ही कबुली निरुपयोगी ठरते, तेव्हा करार कायद्याच्या कलम २५(३) खाली देण्याचं लेखी वचनच लागतं.

सोबत पुढच्या तारखांचे चेक देत असेल तर घ्या. आणि त्यानंतर खात्यावर काही रक्कम आली, तर चेक टाकण्याआधी वर दोन नंबरचं काय झालं ते पुन्हा वाचा.