रंग खाणारे जिवाणू: खरा इलाज की फ्लास्कमधली करामत?

पाटाकडेचा: कापडरंग तोडणाऱ्या जिवाणूंवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वर्षानुवर्षं संशोधन झालंय. आणि जवळच्याच इचलकरंजीत काळा ओढा रंगाचं पाणी घेऊन पंचगंगेला मिळतोच आहे. फेरस (लोहाचा क्षार) नि चुना टाकून रंग तळाला बसवला की गाळ कुठं टाकायचा हा नवा घोर. जिवाणू निदान रंगाचा रेणू तोडतात. सीईटीपीत (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) खास रंगासाठी जैविक टप्पा सक्तीचा करा.

जेटवाला: सक्ती म्हणायला काय जातंय! प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये एकच रंग, 37 अंश, वर यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा खुराक. इथं रिअॅक्टिव्ह रंगाची (सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) गडद शेड काढायची तर लिटरमागे 60-80 ग्रॅम मीठ, वर सोडा, पीएच 11 च्या आसपास. सकाळी लाल, दुपारी नेव्ही ब्लू. तुमचे जिवाणू दोन दिवसांत राम म्हणतील. आणि खुराकाचे पैसे जॉबवर्कच्या मीटरमागे कोण देणार?

पाटाकडेचा: यीस्ट कशाला? डिसायझिंगच्या (सुतावरची खळ धुऊन काढण्याच्या) पाण्यात खळ असतेच, ती स्टार्चची असेल तर तेच त्यांचं जेवण. सगळं पाणी आधी एका टाकीत मिसळून, आम्ल घालून पीएच उतरवायचा.

मायक्रोवाली: दोघंही रंगावरच अडलात. अॅझो बंध, म्हणजे अनेक कापडरंगांच्या रेणूतला दोन नायट्रोजनचा दुवा, प्राणवायू नसेल तेव्हाच नीट तुटतो. हवा मिळाली की जिवाणू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुटल्यावर उरतात बिनरंगी अॅरोमॅटिक अमाइन्स, त्यातली काही कर्करोगकारक. बेंझिडीन या असल्याच अमाइनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे 1990 च्या दशकात बंदी आली ती याच भीतीनं. म्हणून आधी बिनहवेची टाकी, मग हवेची. त्यातही सल्फोनेटेड (सल्फोनिक गट जोडलेली) अमाइन्स चिवट असतात. अँथ्राक्विनोन जातीच्या निळ्या रंगात तर अॅझो बंधच नसतो, तिथं हा हिशेबच लागू नाही.

जेटवाला: म्हणजे पाणी नितळ दिसणार, साहेब खूश, आणि आत विष तसंच! काळं पाणी निदान डोळ्याला दिसतं तरी.

तिरुपूरकर: आमच्याकडे तमिळनाडूत तिरुपूरला जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं डाईंग बंद पाडलं. मग शून्य विसर्ग आला, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही: आरओ, बाष्पीभवन, पाणी नि मीठ परत वापरायचं. जिवाणूंची टाकी तिथंही असते, नाहीतर आरओचे मेम्ब्रेन (गाळणीचे पडदे) चोंदतात. पण नोय्यल नदीकाठची शेती गेली ती मुख्यतः मिठानं, आणि मीठ कुठलाच जिवाणू खात नाही. फक्त त्यांच्या भरवशावर राहायचं असेल तर शेतकऱ्यांना आधी तसं सांगून टाका.

पाटाकडेचा: मीठ मान्य, त्याला आरओच. पण रंगासाठी सक्तीचा मुद्दा मी सोडत नाही. अट फक्त रंगाची नको, अमाइन्सचीही घाला.

जेटवाला: अमाइन्स मोजायला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लागतं. आमच्या लॅबमध्ये पीएच मीटर नि सीओडीच्या (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायच्या) नळ्या. ते बिल कुणाच्या नावावर फाडू?

मायक्रोवाली: अमाइन्सचा आकडा नाही मिळणार, पण पाणी विषारी आहे का एवढं ज्वारीच्या दाण्यांवरही कळतं. प्रक्रियेआधीचं, नंतरचं आणि साधं पाणी, तीन वाट्यांत दाणे रुजवा. मुळांची लांबी पट्टीनं मोजा. मिठानंही मूळ खुरटतं, तेव्हा तेवढ्याच मिठाच्या साध्या पाण्याची चौथी वाटी ठेवा, नाहीतर दोष भलत्याच्याच माथी मारून मोकळे व्हाल.