मदत हवी आहे: मुलीच्या पुढच्या दातांवर तपकिरी चट्टे, डॉक्टर कॅप बसवा म्हणतात

निळाई
नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो. मुलगी बारा वर्षांची आहे. दुधाचे दात छान पांढरे होते. कायमचे आले तेच खडूसारख्या पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि आता वरच्या चारही पटाशीच्या दातांवर तपकिरी चट्टे आहेत. रोज दोनदा ब्रश करते, चहा घेत नाही. वर्गात "दात घासत नाहीस का" असं विचारतात, म्हणून पोर हसताना तोंडावर हात धरते. मला ते बघवत नाही.

तालुक्याला एका दवाखान्यात दात साफ करून घेतले, फरक पडला नाही. आता चारही दातांना सिरॅमिक कॅप बसवा म्हणतात. पैशांचं कसंही करू, पण या वयात हे योग्य आहे का? काही जण पाण्याला दोष देतात. घरी बोअरचं पाणी आहे. पण लग्नापासून मीही तेच पिते आणि माझे दात स्वच्छ आहेत. (माझं बालपण नागपुरात, नळाच्या पाण्यावर गेलं.) मिस्टर इथेच वाढले, त्यांच्या दातांवर पिवळट पट्टे आहेत. धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याचे दात ठीक दिसतात.

रानवारा
ताई, लिंबू आणि खायचा सोडा आठवड्यातून दोनदा चोळून बघा. कोळशाची पेस्टही मिळते. आमच्या आजीचे मशेरीने काळे झालेले दात बरेच उजळले.

दंतवैद्य_वर्धा
लिंबू-सोडा कृपया नको. मशेरी, तंबाखू, चहा यांचे डाग दाताच्या वर बसतात, ते दवाखान्यात साफ केले की निघतात. या मुलीचे डाग साफ करूनही राहिले, म्हणजे ते इनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाच्या, आत आहेत. लिंबातलं आम्ल इनॅमल विरघळवतं आणि कोळशाची पूड ते खरवडते. गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही.

निळाईताई, दात न बघता पक्कं निदान करता येणार नाही, पण तुम्ही दिलेली माहिती फ्लोरोसिसकडे, म्हणजे जास्त फ्लोराईडने दात डागाळण्याकडे, बोट दाखवते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बऱ्याच गावांच्या बोअरमध्ये खडकातलं फ्लोराईड उतरलेलं असतं. हिरडीच्या आत कायमचे दात घडत असताना ते जास्त पोटात गेलं, तर इनॅमल सच्छिद्र बनतं. दात बाहेर आले की त्या छिद्रांत रंग मुरत जातो, म्हणून आधी पांढरे पट्टे आणि मग तपकिरी. एकदा तयार झालेल्या दाताला हे होत नाही. म्हणूनच तुमचे दात स्वच्छ आणि मिस्टरांचे पट्ट्यांचे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांना १९०१ पासून असेच डाग दिसत होते. तिथे लहानाचे मोठे झालेल्यांना डाग, मोठेपणी येऊन राहिलेल्यांना नाहीत. कारण फ्लोराईड आहे हे १९३१ मध्ये कळलं.

कॅपची घाई करू नका. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो आणि तो परत पहिल्यासारखा होत नाही. बाराव्या वर्षी दाताची नस मोठी असते, तिला इजा होऊ शकते. हिरड्याही अजून मागे सरकत असतात, त्यामुळे पुढे कॅपची कड उघडी पडते. आधी मायक्रोअॅब्रेजनबद्दल विचारा. त्यात सौम्य आम्ल आणि प्यूमिसची पूड वापरून इनॅमलचा अगदी पातळ थर काढतात, भूल लागत नाही. वरवरचे तपकिरी चट्टे यात खूप फिके होतात. उरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांत रेझिन (पातळ, पारदर्शक भरण) मुरवता येतं. डाग खोल असतील तर दात फारसा न घासता वरून कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, थर देता येतो. ब्लीचिंग, व्हिनियर (दातावर चिकटवायची पातळ चकती) हे सगळं मोठेपणी करता येईल. मुलांच्या दातांचे तज्ज्ञ किंवा सरकारी दंत महाविद्यालय, नागपूरला आहे, तिथे दुसरं मत घ्या.

मुलीचे दात सुधारता येतील. मला जास्त काळजी धाकट्याची वाटते. आता दिसतात ते त्याचे दुधाचे दात. कायमचे पुढचे दात याच वयात आत घडत आहेत, आणि मागच्या दाढा धरून हा काळ आठव्या वर्षापर्यंत चालतो. त्याचं पाणी आजच बदला. प्यायचंच नव्हे, वरण-भात शिजवायचंसुद्धा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच द्या आणि ती पुसून काढा.

शिवार_७७
माझ्या भाच्याचा एकच दात राखाडी पडलाय, बाकीचे पांढरे. हे पण पाण्यामुळेच का?

दंतवैद्य_वर्धा
एकच दात असेल तर बहुतेक मार लागून नस मेलेली असते. एक्स-रे काढा. रूट कॅनालनंतर तो आतून ब्लीच करता येतो.

निळाई
डॉक्टर, तुमचे कसे आभार मानू. धाकट्याचा विचारच मनात आला नव्हता. त्याला मी पाणी उकळून देते, आणि घरी कँडलचा फिल्टर आहे. तेवढं पुरेल का?

दंतवैद्य_वर्धा
नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड तेवढंच राहतं आणि पाणी आटलं की उलट दाट होतं. कँडलही ते अडवत नाही. आरओ किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर लागतो. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच काढलेली आहे, पण पाणी तपासून प्रमाण ठरवावं लागतं, घरी अंदाजाने करू नका.

पाणीवाला_यवतमाळ
ताई, आधी तपासणी करा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जातो. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. गावात उघडी विहीर किंवा दुसरा हापसा असेल तर त्याचाही नमुना द्या. एका गावातले दोन स्रोत फार वेगळे निघतात, उथळ विहिरीत बहुतेकदा कमी असतं. घरातल्या मोठ्यांची मान-कंबर आखडत असेल तर तेही प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. फ्लोराईड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडांतही साठतं.

निळाई
सासऱ्यांची मान खरंच वळत नाही, आम्ही वयाचं समजत होतो. देवळाजवळ विहीर आहे, तिथलंही पाणी देते. नमुना काचेच्या बाटलीत न्यायचा का?

पाणीवाला_यवतमाळ
प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, एक लिटरची. फ्लोराईडसाठी काच वापरत नाहीत. त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरा, आणि प्रत्येक बाटलीवर स्रोत आणि तारीख लिहा.